पूर्वचारित्र्य आणि शाळेचे दार

हल्ली शाळेत नोकरीस लागू इच्छिणाऱ्या मनुष्यास पदवीपत्र, जन्मतारखेचा पुरावा व वैद्यकीय दाखला यांच्या जोडीला आणखी एक कागद आणावा लागतो. त्यास चारित्र्य पडताळणीचा दाखला असे म्हणतात. अर्जदाराविरुद्ध पूर्वी कोणता गुन्हा नोंदला गेला होता काय, आणि असल्यास त्याचा निकाल काय लागला, हे पोलिसांच्या दप्तरातून पाहून तो दिला जातो. कागद लहानसाच; परंतु त्याच्या पोटी दोन मोठे प्रश्न आहेत. पहिला हा की, ह्या कागदाने आपली मुले खरोखर सुरक्षित होतात काय? दुसरा हा की, पूर्वी कधी शिक्षा झालेल्या मनुष्यास शाळेचे दार कायमचे बंद असावे काय. आणि बंद करावयाचे असल्यास ते कोणी, कशाच्या आधारे करावे, व त्याविरुद्ध त्याने दाद कोठे मागावी? ह्या दोन्ही प्रश्नांविषयी आमचे मत पालकांपुढे व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. विषय अप्रिय आहे हे आम्ही जाणतो. तथापि अप्रिय म्हणून झाकून ठेवलेल्या गोष्टीच मुलांना अधिक बाधतात.

प्रथम हा नियम कसा आला ते पाहू. आपल्याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पाळा येथील एका निवासी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात उघडकीस आले. दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या मुलींनी आपल्या माणसांना सांगितले, तेव्हा ते बाहेर पडले. शाळेतील कर्मचाऱ्यांस अटक झाली, चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, आणि शासनाने त्या शाळेची मान्यता काढून घेतली. ज्या आईबापांनी पोट भरण्यासाठी गाव सोडून जाताना, मूल शिकावे व दोन वेळ जेवावे म्हणून ते वसतिगृहात ठेवले, त्यांच्या विश्वासावर हा घाव होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून, तसेच ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतून अशी किती तरी मुले आजही परक्यांच्या हाती सोपविली जातात.

पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत दोन अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी हा कंत्राटावर नुकताच लागलेला सफाई कामगार होता. तक्रार नोंदविण्यास विलंब झाला म्हणून संतप्त लोकांनी २० ऑगस्ट रोजी तेथील लोहमार्ग कित्येक तास अडवून धरला. मुंबई उच्च न्यायालयाने ह्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने लगेच, २१ ऑगस्ट रोजी, निर्णय काढून शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती व कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी कडक आदेश दिले.

तथापि पडताळणीचे बंधन त्या दिवशी जन्मास आले असे कोणी समजू नये. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा अधिनियम, ज्यास लोक ‘पोक्सो’ म्हणतात, तो २०१२ साली झाला व त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याखाली २०२० च्या मार्चमध्ये निघालेल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, ज्या संस्थांचा मुलांशी नित्य संबंध येतो, अशा शाळा, पाळणाघरे, क्रीडासंस्था इत्यादींनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, व ती वेळोवेळी पुन्हा करावी. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, कोणीही त्यातून सुटलेला नाही. मूळ अधिनियमाने आणखी एक गोष्ट केली आहे, तिची आठवण आम्हां शिक्षकांस नित्य असावी. शैक्षणिक अथवा धार्मिक संस्थेच्या चालकाने किंवा सेवकाने त्या संस्थेतील मुलाविरुद्ध असा गुन्हा केल्यास तो अधिक गंभीर मानला जातो. कारण तेथे गुन्ह्याबरोबर विश्वासघातही असतो. ‘धार्मिक’ हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. चर्च, रविवारची शाळा व मिशनचे वसतिगृह यांस ह्या कायद्यातून सूट नाही, आणि आम्हांस ती नकोही आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ह्या कागदाने मुले सुरक्षित होतात काय? आमचे उत्तर असे की, थोडी होतात, पुरती होत नाहीत. दाखल्यात काय असते? जो पकडला गेला, ज्याच्यावर खटला झाला, त्याची नोंद. जो पकडला गेलाच नाही, त्याचा कागद कोराच राहणार. केंद्रीय गृहखात्याने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लैंगिक गुन्हेगारांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आरंभीच तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांस पाहावयास मिळते, शाळेस मिळत नाही. तसे असणे योग्यच आहे. कारण अशी यादी चव्हाट्यावर मांडली, तर न्यायाऐवजी सूड सुरू होईल. परंतु ह्याचा अर्थ असा की, शाळेस त्या नोंदवहीचा जो काही उपयोग व्हावयाचा, तो पोलिसांच्या पडताळणीमधूनच व्हावयाचा. ती पडताळणी पोलिसांनी घाईने उरकली, किंवा कंत्राटदाराने माणूस आधी आणून ठेवला व कागद मागाहून येईल असे सांगितले, तर सारा नियम कागदावरच राहतो.

ह्याहून मोठे छिद्र आमच्या मते दुसरेच आहे, आणि ते पोलिसांनी पाडलेले नाही. संस्थांनी पाडलेले आहे. एखाद्या शिक्षकाविषयी वा सेवकाविषयी मुलांची कुरकुर सुरू होते. मुख्याध्यापक घाबरतात, संस्थेची अब्रू जाईल, पटसंख्या घटेल, अशी भीती पडते. मग त्या गृहस्थास एकांतात बोलावून राजीनामा घेतला जातो, आणि निरोपाच्या वेळी ‘वर्तणूक समाधानकारक’ असा दाखला हाती ठेवला जातो. तो गृहस्थ पुढच्या तालुक्यात जातो. तेथे त्याच्या पोलीस पडताळणीत काही निघत नाही. कारण कोणी काही कळविलेलेच नसते. अशा रीतीने एका संस्थेची अब्रू दुसऱ्या संस्थेतील मुलांच्या जिवावर राखली जाते. कायद्याने हे मौन गुन्हा ठरविले आहे. असा अपराध घडल्याचे कळले असता पोलिसांस न कळविणाऱ्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या मनुष्याविषयी न कळविल्यास त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत वाढू शकते. म्हणून आमचे म्हणणे असे की, दाखला हे पहिले कुंपण आहे. दुसरे व अधिक भक्कम कुंपण म्हणजे बोलते मूल व ऐकणारा वडीलधारा. पाळ्याची गोष्ट कागदाने उघडकीस आणली नाही; मुलींनी आणली.

येथवर आमच्याशी बहुतेकांचे एकमत होईल. दुसरा प्रश्न मात्र बिकट आहे, आणि त्यावर लोक चटकन बोलतात व क्वचितच विचार करतात.

समजा, एका चाळीस वर्षांच्या मनुष्याने वसतिगृहात आचाऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला. पडताळणीत निघाले की, विसाव्या वर्षी बांधावरून झालेल्या मारामारीत त्यास शिक्षा झाली होती. त्यानंतर वीस वर्षे त्याने कोणाचे काडीइतके वाकडे केलेले नाही. गावात त्याचे नाव चांगले आहे. दुसऱ्या अर्जदाराने मुलाशी दुराचार केल्याबद्दल शिक्षा भोगलेली आहे, व तोही म्हणतो की, आपण आता बदललो आहोत. कागदावर दोघांच्याही नावापुढे ‘शिक्षा झाली’ एवढेच शब्द आहेत. दोघांस एकाच काट्याने मोजणे न्याय होईल काय?

आपला कायदा तसे म्हणत नाही. अपराध्यांच्या परिवीक्षेचा अधिनियम १९५८ साली झाला. त्याअन्वये न्यायालयाने समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या मनुष्यास, त्या दोषसिद्धीमुळे एरवी कायद्याने जी अपात्रता चिकटली असती, ती चिकटत नाही. मात्र त्यामुळे मूळ कृत्य घडलेच नाही असे होत नाही, आणि त्या कृत्याचा विचार करण्यास मालक मोकळा राहतो. बालन्यायाचा २०१५ चा अधिनियम ह्याहूनही पुढे जातो. अठरा वर्षांखालील मुलाकडून काही चूक घडली व तिचा निकाल लागला, तर त्यामुळे पुढील आयुष्यात त्यास कोणतीही अपात्रता येऊ नये, आणि ठराविक मुदतीनंतर ती नोंदच नष्ट करावी, असे तो सांगतो. सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अत्यंत निर्घृण अपराधासच काय तो अपवाद आहे. विद्यार्थिमित्रहो, ही गोष्ट तुम्ही विशेष ध्यानात ठेवावी. तुमच्यातील एखाद्याचे पाऊल घसरले, तर राज्य त्यास जन्मभर त्या घसरण्यानेच ओळखणार नाही, असे वचन ह्या कायद्याने दिले आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही हा विचार केला आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न त्यापुढे आला. सुमारे विसाव्या वर्षी मारामारीच्या एका खटल्यात त्याचे नाव होते. पुढे तडजोड होऊन तो निर्दोष सुटला होता. परंतु अर्जात त्याने ही गोष्ट लिहिली नव्हती. तारुण्यातील अविचारासाठी जन्मभर कपाळावर डाग मारू नये, असा कौल न्यायालयाने दिला, आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, एका पावासाठी चोर ठरलेल्या जाँ वाल्जाँची त्या वेळी आठवण करून दिली. पुढे २०१६ च्या जुलैमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ह्या विषयाची शिस्त घालून दिली. अर्जात माहिती खरीच दिली पाहिजे; किरकोळ गोष्टीकडे मालकाने दुर्लक्ष करावे; गंभीर गोष्टीकडे करू नये; निर्दोष सुटकाही जर केवळ संशयाच्या फायद्याने अथवा तांत्रिक कारणाने झाली असेल, तर सर्व परिस्थिती पाहून निर्णय करण्यास मालक मोकळा आहे; आणि अर्जदाराने सारे खरे सांगितले म्हणून त्यास नेमलेच पाहिजे असेही नाही. ह्यात आम्हांस समतोल दिसतो.

शिक्षा भोगलेल्या मनुष्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग आपल्या मराठी मुलखास नवा नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, शिक्षा झालेल्या कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तेथे कैदी भिंतींवाचून शेती करीत, आणि त्यांच्या बायकामुलांसही सोबत राहता येई. ह्या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटाची कल्पना सुचली, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून ह्या विषयास न्याय होणार नाही. आपल्या जिल्ह्यात पारधी बंधूंची वस्ती आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. पुढे अशा लोकांस ज्या वसाहतींत कोंडून ठेवीत, त्यांपैकी काहींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पाहिला. त्यांचा हेतू सेवेचा असेल. तरी तारेच्या कुंपणाचा तो कारभार होता, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु पोलिसांच्या वह्यांतील आणि शेजाऱ्यांच्या मनांतील संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की, बेड्यावरून तरुण उचलावयाचे, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. भटक्या-विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानी अटक होऊ नये, असे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयास बजावून सांगावे लागले, यावरूनच काय ते समजावे. आता अशा समाजातील एखादा मुलगा शिकला, शिक्षक झाला, आणि त्याच्या पडताळणीत ‘संशयित म्हणून ताब्यात घेतले होते’ असा शेरा आला, तर मुख्याध्यापकाने काय करावे? तो शेरा त्या मुलाच्या वर्तनाविषयी सांगतो की त्याच्या जन्माविषयी? ज्या शाळेत पारध्यांची मुले शिकावीत असे आपण म्हणतो, तिच्या शिक्षकांच्या खोलीत पारधी शिक्षकास जागा नसेल, तर त्या मुलांनी शिकून काय व्हावे?

ह्यावर कोणी म्हणेल, “तर मग फक्त न्यायालयात सिद्ध झालेला अपराध मोजावा, बाकी सारे सोडून द्यावे.” हे ऐकावयास सोपे आहे, परंतु इंग्लंडच्या अनुभवाने त्याचा धोका दाखवून दिला आहे. तेथील सोहॅम गावी २००२ च्या ऑगस्टमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी हा एका शाळेचा राखणदार होता. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या भागात अल्पवयीन मुलींसंबंधी अनेक तक्रारी पूर्वी झाल्या होत्या. त्यांतील एकही न्यायालयात सिद्ध झाली नव्हती, आणि नेमणुकीच्या वेळी त्यांची माहिती शाळेपर्यंत पोहोचली नव्हती. २००४ मध्ये ह्याची सविस्तर चौकशी झाली, व २००६ मध्ये नवा कायदा झाला. म्हणजे सिद्ध न झालेली प्रत्येक गोष्ट फेकून देता येत नाही. मग पारधी तरुणावरील संशय व त्या राखणदारावरील तक्रारी यांत भेद कोणता? आमच्या मते भेद असा. एकीकडे एका जमातीविषयीचा सरसकट संशय आहे. त्यात तक्रार करणारा कोणी नाही, आणि उत्तर देण्याजोगे विधानही नाही. दुसरीकडे अमुक मुलीने अमुक दिवशी अमुक घडले असे सांगितलेले आहे, आणि असे सांगणाऱ्या एकीहून अधिक आहेत. पहिल्यास वजन देणे हा अन्याय. दुसऱ्याचे वजन न करणे हा मुलांवर अन्याय. मात्र वजन करावयाचे ते त्या मनुष्यास समोर बसवून, काय आक्षेप आहे ते सांगून, त्याचे उत्तर ऐकून.

नियम फार ताठर झाला की काय होते, हेही इंग्लंडनेच पाहिले. एका स्त्रीने १९९९ साली, मनोविकाराने ग्रस्त व बेघर अशा स्थितीत, एक सँडविच आणि ९९ पेन्सचे एक पुस्तक चोरले. शिक्षा म्हणून तिला नुसते अटीवर सोडून देण्यात आले. पुढे ती बरी झाली, आणि शाळेत साहाय्यक शिक्षिका होण्याची तिला इच्छा झाली. परंतु एकाहून अधिक दोषसिद्धी असल्यास त्या सर्व कायम उघड कराव्यात, असा तेथे नियम होता. म्हणून प्रत्येक अर्जाबरोबर ती जुनी चोरी पुन्हा वर येई. २०१९ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने, असा सरसकट नियम प्रमाणाबाहेर कठोर आहे, असे ठरविले. २०२० च्या नोव्हेंबरपासून नियम बदलला. मात्र त्याच निकालात, शारीरिक इजेसारख्या गंभीर अपराधाची नोंद दाखविणे योग्यच आहे, असेही न्यायालयाने म्हटले. सँडविच आणि मारहाण यांत तेथे फरक केला गेला.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या २०१२ च्या कायद्यात आम्हांस एक कसोटी आढळली; ती प्रत्येक पालकास समजेल अशी आहे. मुलांबरोबर काम करण्याची परवानगी पूर्वीच्या अपराधामुळे नाकारली गेलेल्या मनुष्याने न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तर मुलांचे हित सर्वांत वर ठेवून, अपराध किती गंभीर, त्यास किती वर्षे लोटली, त्या वेळी त्याचे वय काय होते, बळी पडलेल्याचे वय काय होते, नंतरचे वर्तन कसे, आणि पुन्हा तसे घडण्याचा संभव किती, हे पाहावयाचे असे त्या कायद्याने सांगितले. पुढे त्यात आणखी एक प्रश्न घातला गेला: एखादा समंजस मनुष्य आपले स्वतःचे मूल ह्या इसमाजवळ, दुसरे कोणी नसताना, सोडील काय? २०२५ मध्ये मेलबर्नच्या पाळणाघरांतील आरोपांनी तो देश हादरला, व तेथील राज्ये हे सारे नियम आणखी आवळू लागली. ह्यावरून एवढे दिसते की, हा काटा कोणत्याही देशात एकदाच लावून ठेवता येत नाही. त्याकडे नेहमी लक्ष ठेवावे लागते.

आपल्याकडील खरी उणीव आता ध्यानात येईल. पडताळणी करा असे आपला नियम सांगतो. परंतु पडताळणीत काही निघाल्यास निर्णय कोणत्या कसोटीने करावा, हे २०२० चे नियम सांगत नाहीत. तो भार एकट्या मुख्याध्यापकावर व संस्थेच्या चिटणीसावर पडतो. भित्रा असेल तो पारध्याच्या मुलास नाकारील, आणि संस्थाचालकाचा नातलग असेल त्यास डोळे मिटून घेईल. नाकारलेल्यास कारण कळत नाही. उच्च न्यायालयात जावे, तर बुलढाण्याहून नागपूर खंडपीठापर्यंतची वाट एखाद्या आचाऱ्यास किंवा शिपायास परवडणारी नाही.

आमच्या ख्रिस्ती वाचकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती आम्ही टाळू इच्छीत नाही. प्रभूने पाप्यांस जवळ केले. जक्कयाच्या घरी तो जेवला. तर त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेने पश्चात्तापी मनुष्यास, तो कोणत्याही अपराधाचा असो, दाराबाहेर ठेवावे काय? आमचे उत्तर असे की, क्षमा आणि कामगिरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा ही पश्चात्तापी मनुष्यास मिळालीच पाहिजे; मुलांजवळची जागा हा मात्र कोणाचाच, अगदी निष्कलंक मनुष्याचाही, जन्मसिद्ध हक्क नाही. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याने आपला पश्चात्ताप स्वतःच्या पैशाने सिद्ध केला, दुसऱ्याच्या लेकरांवर नाही. ज्याने बालकांचा घात केला आहे, तो खरोखर बदलला असेल, तर आपल्या बदलाची परीक्षा पुन्हा बालकांवर घ्यावी असा आग्रह तो धरणार नाही. त्यास भाकर मिळावी, काम मिळावे, उपासनेत जागा मिळावी. वसतिगृहाची किल्ली मिळू नये. लहानग्यांस अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जे कठोर शब्द उच्चारले, तेही त्याच मुखातील होते, ज्याने पाप्यांस क्षमा केली. आणि जाता जाता हेही आठवावे की, शिष्यमंडळीत पैशाची थैली ज्याच्या हाती होती, त्याच्यावर शेवटच्या भोजनापर्यंत इतरांस संशय आला नव्हता. कोऱ्या दाखल्यावर विसंबून राहू नये, हा धडा जुनाच आहे.

म्हणून आमच्या सूचना अशा. पहिली: पडताळणी सर्वांची व्हावी. शिपाई, सफाई कामगार, बसचालक यांची आधी व मुख्याध्यापक, संस्थाचालक, पाळक व रविवारच्या शाळेचे शिक्षक यांची ‘सवडीने’, असे होऊ नये. गरिबाचे चारित्र्य तपासावे आणि प्रतिष्ठिताचे गृहीत धरावे, ही रीत मुलांच्या हिताची नाही. दुसरी: मुलांविरुद्धच्या लैंगिक किंवा क्रूर अपराधात दोष सिद्ध झालेल्या प्रौढास मुलांबरोबरचे काम पुन्हा कधीही मिळू नये. तिसरी: इतर अपराधांत, त्याचे स्वरूप, त्या वेळचे वय, लोटलेला काळ, मधले वर्तन व मागितलेल्या कामाचे स्वरूप पाहून लेखी व सकारण निर्णय व्हावा; आणि तो लागेपर्यंत त्या मनुष्यास मुलांजवळ ठेवू नये. चौथी: ह्या निर्णयाविरुद्ध जिल्ह्यातच, निवृत्त न्यायाधीश, शिक्षण खात्याचा अधिकारी व बालकल्याणाचे काम जाणणारी व्यक्ती यांच्या मंडळापुढे, वकिलावाचून व खर्चावाचून दाद मागता यावी. पाचवी: कोणत्याही शाळेने तक्रार दडपून चांगुलपणाचा दाखला देऊ नये, चौकशी चालू असल्यास सोडतानाच्या कागदावर तसे लिहावे.

पालकहो, आपणांस एवढीच विनंती की, शाळेस हे प्रश्न विचारण्यास संकोच करू नका. बसचालक कोण, रात्री वसतिगृहात कोण असते, त्यांची पडताळणी कधी झाली, हे विचारणे म्हणजे शाळेवर अविश्वास दाखविणे नव्हे. आणि मूल सुटीत घरी येऊन गप्प बसले, परत जाण्यास नको म्हणू लागले, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा.

आणि विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांस मान द्यावा, हे आम्हीच तुम्हांस शिकवितो. त्यास आज एक पुस्ती जोडतो. जो वडीलधारा तुम्हांस ‘हे कोणास सांगू नकोस’ असे म्हणून दुःख देतो, त्याची आज्ञा पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही. मग तो शिक्षक असो, पाळक असो, की घरचा असो. आईस सांगा, ज्या शिक्षकावर विश्वास असेल त्यास सांगा, कोणीच ऐकले नाही तर १०९८ ह्या क्रमांकावर सांगा. एकाने ऐकले नाही म्हणून थांबू नका. तुम्ही सांगितलेले ऐकून घेणे व त्यावर उठून काही करणे, हे आमचे काम आहे; आणि त्या कामात आम्ही कमी पडलो, तर आमच्याही चारित्र्याची पडताळणी व्हावी.